खुंट्यावरचा दुसरा हात

"जाऊबाई, झेला की ओ! मी एकलीनं किती ओढायचं?"

कौशीचा आवाज. पहाटेचा, झोपेतून नुकता उठलेला; वर थोडी खरखर आणि खाली मध. जात्याच्या एका अंगाला ती, समोर मी. खुंट्यावर तिचा उजवा हात आणि त्याच्यावर माझा. आमच्या बार्शीकडं जोडीनं दळायची रीत अशी, की एकीनं ओवीची पहिली ओळ टाकायची आणि समोरचीनं ती झेलायची, म्हणजे तीच ओळ तशीच उचलून म्हणायची. मग पहिलीनं दुसरी ओळ सोडायची. झेललीच नाही तर ओवी तिथंच खुंटते. समोरची ऐकतीय हे कळल्याशिवाय पुढचं सांगायचं तरी कशाला?

कौशी माझी धाकटी जाऊ. चोविसाव्या वर्षी गेली, धामणवाडीच्या मळ्यातल्या विहिरीत. पाय घसरला, असं पंचनाम्यात लिहिलं. गावानंही तेच म्हटलं. तिच्या मागं राहिलेली तीन वर्षांची सारिका मी बार्शीला नेली, वाढवली, आणि ती विचारायच्या वयाची झाली तेव्हा मीही तेच सांगितलं. पाय घसरला. शेवाळ फार होतं.

मला मूल नव्हतं. सारिका मला मोठ्याई म्हणायची. शाळेतून आली की दारातूनच, दप्तर टाकायच्या आधी, "मोठ्याई!" त्या एका हाकेवर मी एकवीस वर्षं जगले, आणि ती हाक जाईल म्हणून एकवीस वर्षं एक गोष्ट गिळून बसले. ती गोष्ट तोंडातून बाहेर पडली त्यालाही आता बारा वर्षं होतील.

सारिका अमेरिकेत शिकायला होती. गाव थंडीचं, तळ्याकाठचं. तळं गोठून पांढरं झालेलं. दुसऱ्या वर्षी तिनं मला महिनाभर बोलावून घेतलं. फोनवर म्हणाली, "आमच्या ग्रुपच्या गाण्याचा कार्यक्रम आहे. तू हवीच आहेस. गुरुजींचे गुडघे दुखतात तर राहू देत त्यांना, पण तू ये." गुरुजी म्हणजे माझे मालक. शाळामास्तर होते, म्हणून घरातही सगळे गुरुजीच म्हणत. त्या 'हवीच'वर तिनं दिलेला जोर मला तेव्हा लाडाचा वाटला.

कार्यक्रम दुपारी तीनला होता. कॉलेजातलंच जुनं प्रार्थनाघर, लाकडी बाकं, खिडक्यांना रंगीत काचा. सारिका आधीच आत गेली होती. माझ्या सोबतीला तिच्या खोलीत राहणारी पल्लवी होती. नागपूरची, बोलायला मोकळी.

"काकू, कोट काढा ना. आत गरम असते."

"असू दे. कोट काढला की साडीखालचे बूट दिसतात."

"ते तर आताही दिसून राहिले."

मी पाय बाकाखाली घेतले. समोर दहा-बारा पोरंपोरी अर्धगोलात येऊन उभी राहिली. काळे कपडे, गळ्यात लाल पट्ट्या. मधोमध सारिका. मी स्टेजच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"पेटी-तबला मागनं येणार का गं?"

"येतच नाही काकू. हे लोक सगळं तोंडानंच करतात. ढोलबिल, सगळं."

"मग सूर कुणाच्या भरवशावर धरायचा?"

"एकमेकांच्या," पल्लवी म्हणाली. "म्हणून तर एकीनं सोडला की सगळ्यांचा जातो."

एका पोरीनं खिशातून लहानशी चकती काढली, तिच्यात हळूच फुंकर मारली. एक सूर निघाला आणि सगळ्यांनी तो तोंडात धरला, लेकरं बोरं धरतात तसा. मग एक दाढीवाला पोरगा गाल फुगवून असा काही वाजू लागला की त्याच्या तोंडात कुणी हलगी बसवलीय असं वाटावं. लोक हसले, मीही हसले.

"हा आमच्या जत्रेत आला तर हलगीवाले त्याला मारतील," मी म्हणाले. पल्लवीनं तोंडावर हात दाबला.

दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या आधी सारिका एक पाऊल पुढं आली. कपाळ बापाचं, रंग बापाचा, पण बोलण्याआधी मान जराशी डावीकडं झुकवायची, ते थेट कौशीचं. ती इंग्रजीत बोलू लागली आणि पल्लवी माझ्या कानात.

"ती म्हणते, हे गाणं तिच्या आईचं आहे. तिच्याकडे आईचा एकच आवाज आहे, एका कॅसेटवर."

ती कॅसेट मीच दिली होती. अमेरिकेला निघायच्या आदल्या दिवशी ती ट्रंक भरत होती. म्हणाली, "मोठ्याई, आईचं काहीच नाही का गं? एखादं लुगडं, काहीही?" लुगडी तेराव्यालाच वाटून टाकली होती. फोटो एक होता लग्नातला, त्यात कौशीचं तोंड मुंडावळ्यांनी झाकलेलं. तेव्हा मी डब्यातून कॅसेट काढून दिली. मी ती पुन्हा कधी लावली नव्हती. पण शेवटचं तेवढं तिच्यावर नाही, बटण मी वेळेवर दाबलं, याची मला पक्की खात्री होती.

"काय म्हणते ती?" मी विचारलं, कारण पल्लवी थांबली होती.

"म्हणते, हे दोन बायकांचं गाणं आहे. एक ओळ टाकते, दुसरी झेलते. कॅसेटवर झेलणारी दोनदा झेलते. तिसऱ्यांदा झेलत नाही." पल्लवीनं माझ्याकडं पाहिलं. "म्हणून आम्हीही गाणं तिथंच थांबवू, म्हणते. झेलणारी कोण हो काकू?"

पण तेवढ्यात जातं सुरू झालं.

मागच्या रांगेतल्या तिघा पोरांनी छातीतून ती घरघर काढली. आधी जड, दाणा अडलेली, मग फिरती. एका पोरीनं ओठांतून दाणे सोडले, मुठीतून जात्याच्या तोंडात पडतात तसे. दुसरी जिभेनं टकटक करीत होती. मला कळायला वेळ लागला. त्या बांगड्या होत्या. खुंटा आपल्या अंगाकडं आला की बांगड्या खाली येतात, समोर गेला की मनगटावर आपटतात. चार हिरव्या तिच्या, सहा माझ्या. त्या परक्या पोरांनी आमच्या बांगड्यासुद्धा मोजल्या होत्या.

सारिकानं ओळ टाकली.

*पहाटेच्या दळणाला, दिवा लाविते भिंतीला*

बाकीच्यांनी ती झेलली, विचित्र उच्चारांत, पण जपून.

*माझ्या मनीचं बोलणं, ऐकू येईना वस्तीला*

दिवाळीची सुट्टी होती ती. आम्ही बार्शीहून धामणवाडीला गेलो होतो. गावात गिरणी होती, पण आत्याबाईंना, आमच्या सासूबाईंना, गिरणीचं पीठ बाधायचं. कौशीनं दळलेलंच पचायचं. आदल्या वर्षी कौशीचं दुसरं मूल पोटातच गेलं, तेव्हापासून त्या धाकट्या लेकासाठी दुसरी बायको बघत होत्या. धाकटा, म्हणजे दिगंबर, मारायचा. त्याला कारण लागायचं नाही. बैलांना तो जिवापाड जपायचा.

गुरुजींनी शाळेचा टेपरेकॉर्डर सोबत आणला होता. मीच म्हणाले, कौशीचा गळा भरून घेऊ, रेडिओवाल्यांना पाठवू. पहाटे मी तो कणगीला टेकवून ठेवला.

"हे ऐकतंय का आता?" तिनं विचारलं.

"ऐकतंय."

"आन् सांगंल कुणाला?"

"सगळ्या मुलखाला."

"मग बरं हाय. माणसापरीस बरं," ती म्हणाली, आणि हसून तिनं मूठभर जोंधळा जात्यात टाकला. हसताना तिचा खालचा ओठ फुटला आणि तिनं तो पदरानं टिपला.

स्टेजवर दुसरी ओवी चालू झाली होती.

*मैना माझी निजलेली, तिच्या पायी वाजे वाळा*
*झोपंमंदी ती हासती, कुणी लाविला ग लळा*

सगळ्या ओव्यांत लेकीला मैनाच म्हणतात. पण त्या पहाटेची मैना जात्यापासून चार हातांवर गोधडीत निजली होती, आणि तिच्या पायातले वाळे मी बार्शीहून आणले होते. 'कुणी लाविला ग लळा' म्हणताना कौशीनं माझ्याकडं डोळे मिचकावून पाहिलं होतं. मी सुट्टीला आले की सारू माझ्याच कुशीत निजायची. सुट्टी संपली की मी बार्शीच्या घरात आठ-आठ दिवस रिकाम्या कुशीवर हात ठेवून पडायची. कौशीला ते माहीत होतं. कुणाला माहीत नव्हतं?

आणि मग स्टेजवर घरघर जरा मंदावली. सारिकानं मान डावीकडं झुकवली आणि तिसऱ्या ओवीची पहिली ओळ टाकली.

*विहिरीच्या पायऱ्या ग, बारा मोजल्या पाण्यात*

कुणी झेलली नाही. घरघर थांबली. बांगड्या एकदाच वाजल्या. मग काहीच नाही. दोन-अडीचशे माणसं आणि श्वाससुद्धा नाही. सारिका माझ्याकडं बघत होती. आठव्या रांगेत, कडेच्या बाकावर, नेमकी माझ्याकडं. मग कोपऱ्यातल्या पोरीनं जिभेनं एकच आवाज काढला.

खट्.

बटणाचा.

वेळेवर दाबलं नव्हतं मी.

टाळ्या झाल्या, लोक उभे राहिले. मी बसून होते. माझा उजवा हात मांडीवर गोल फिरत होता, आणि पल्लवीनं धरला तेव्हाच तो थांबला.

"काकू, बरं वाटत नाही का? पाणी आणू?"

"नको."

"मी गाडी दारापाशी घेऊन येते. तुम्ही इथंच बसा. बरफावरून चालू नका." ती गेली.

माणसं पांगली. खिडकीतल्या काचांचा लाल-निळा उजेड बाकांवरून सरकत जमिनीवर उतरला होता. सारिका आली. लाल पट्टी हातात गुंडाळलेली. माझ्या पुढच्या बाकावर उलटी बसली, माझ्याकडं तोंड करून, गुडघे वर घेऊन. आमच्यामध्ये बाकाची लाकडी पाठ.

"आवडलं?"

"आवडलं."

"टाळी नाही वाजवलीस."

"हात गारठलेत."

"मोठ्याई," ती म्हणाली, "मी ती टेप शंभरदा ऐकलीय. गाणं बसवायचं म्हणून नाही. आधी नुसतीच ऐकायचे. मग एकदा कानाला हेडफोन लावून ऐकली, तेव्हा तुझ्या बांगड्या ऐकू आल्या. आई ओळ टाकते. जातं थांबतं. चार सेकंद काही नाही. मग बांगड्या टेपच्या जवळ येतात. मग खट्."

मी लाकडाच्या पाठीवर हात ठेवला. तिनं माझ्या हातावर आपला ठेवला.

"तू का झेलली नाहीस?"

"भ्याले."

"कुणाला? आजीला?"

हो म्हणायला किती सोपं होतं! आत्याबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक पाटी दिली तर ते काही मान वळवून बघत नाही. आणि अर्धं खरंही होतं. आत्याबाई दाराशी खोकल्या होत्या त्या वेळी.

"हो," मी म्हणाले.

हात तसाच ठेवून ती म्हणाली, "आपण धामणवाडीला जायचो तेव्हा खडकीच्या फाट्यावरची गाडी का धरायचो नाही? सगळे तिनं जायचे. आपण वळसा घालून, दोन गाड्या बदलून. मी ओकायची त्या घाटात, तरी तू तीच धरायचीस. फाट्यावर मामाचं दुकान आहे, हे मला शाळेतल्या एका पोरीनं सांगितलं. सोळा वर्षांची होते मी. मला मामा आहे, हेच मला सोळाव्या वर्षी कळलं."

"सारू…"

"ओवी पुरी कर, मोठ्याई. दुसरी ओळ तुला ठाऊक आहे. आईनं तुला ती सांगितलीय. बटण दाबल्यावर सांगितलीय. सांगितली ना?"

सांगितली होती. मी बटण दाबून परत बसले तेव्हा कौशी जोंधळ्याकडं बघत होती. म्हणाली, "झेलली न्हाईत जाऊबाई. असू द्या." आणि मग सूर न लावता, बाजारातून आणायचं सामान सांगावं तशी, तिनं दुसरी ओळ सांगितली.

मी घसा खाकरला. मला सूर सापडेना. त्या प्रार्थनाघरात ना पेटी, ना जातं, ना समोर कौशी. पण सारिकानं माझ्या हातावरचा हात हलवला, अगदी थोडा, गोल, खुंटा फिरवावा तसा, आणि सूर तिच्या भरवशावर आला. मी आधी कौशीची ती पहिली ओळ झेलली. एकवीस वर्षं जमिनीवर पडलेली.

*विहिरीच्या पायऱ्या ग, बारा मोजल्या पाण्यात*

आणि मग दुसरी :

*बंधू न्यायला न आला तर, मैना तुमच्या ओटीत*

तिचा हात थांबला.

"म्हणजे…" ती म्हणाली. "म्हणजे तिनं तुला सांगितलं होतं. मामाला निरोप दे म्हणून."

"हो."

"आणि तू नाही दिलास."

"सोमवारी आम्ही बार्शीला परत निघालो," मी म्हणाले. आता थांबून चालणार नव्हतं. दाणा तोंडात पडला की जातं फिरवावंच लागतं. "खडकीच्या फाट्यावर गाडी चहाला थांबली. गुरुजी खाली उतरले. त्यांना काहीच माहीत नव्हतं, अजूनही नाही. मी खिडकीत होते. तुझ्या मामाचं सायकलचं दुकान होतं तिथं. त्यानं मला ओळखलं. काळे झालेले हात चिंधीला पुसत खिडकीपाशी आला. म्हणाला, 'बाई, दिवाळीला कौशी आली न्हाई. बरी हाय न्हवं?'"

"तू काय म्हणालीस?"

"दहा मिनिटं उभी होती गाडी. तो तिथंच उभा. दोन पेरू आणले त्यानं माझ्यासाठी."

"मोठ्याई, तू काय म्हणालीस?"

"'बरी हाय,' म्हणाले."

बाहेर पल्लवीनं गाडीचा हॉर्न दिला. एकदा, मग परत एकदा. सारिकानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"शुक्रवारी सांगावा आला," मी म्हणाले. "मातीच्या वेळी तुझा मामा आला. सगळ्यांच्या मागं उभा होता. जाताना माझ्याजवळ थांबला आणि एवढंच म्हणाला, 'बरी हाय म्हणालात की ओ, बाई.' त्या दिवसापासून मी ती गाडी धरली नाही."

"तुला वाटलं नव्हतं," ती हळू म्हणाली. मला वाट करून देत होती. आईसारखी मान झुकवून, माझ्यासाठी दार उघडं धरून उभी होती ती. "ती खरंच जाईल असं तुला वाटलं नव्हतं. बोलतात बायका असं, म्हणून तू…"

"वाटलं होतं."

"मग आजीला भिऊन."

"आजी सात मैल मागं राहिली होती, सारू. गाडीत मी एकटी होते. मला भिववायला तिथं कुणी नव्हतं."

"मग का?"

तिचा हात अजून माझ्या हातावर होता. गरम होता. तो किती वेळ राहील याचा मी अंदाज घेतला, आणि मग सांगून टाकलं.

"भाऊ आला असता तर ती तुला कडेवर घेऊन गेली असती. आला नसता तर तू माझी होतीस. पेरू पदरात घेतले तेव्हा मला दोन्ही वाटा दिसत होत्या. मला तू हवी होतीस."